लाकडी पेटी, ध्रुवण सूक्ष्मदर्शक आणि वऱ्हाडचा काळा पत्थर

पोथीचे वय ठरवताना अभ्यासक अक्षरांचे वळण पाहतो, कागद आणि शाई पाहतो. त्याचबरोबर वरखालच्या लाकडी फळ्या, बासनाचे कापड, दोरी, फळीवर मागाहून कुणी लिहून ठेवलेले मालकाचे नाव हेही पाहतो. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात महानुभावांनी शतकानुशतके पोथ्या सांभाळल्या त्या अशाच बासनांतून. साहित्याच्या विद्यार्थ्याला ही दृष्टी अपरिचित नाही. छापील ग्रंथाची बांधणी, आतील जाहिरातींची पाने, ग्रंथालयाचा शिक्का यांनाही तो पुराव्याचा मान देतो. याच दृष्टीने एका निराळ्या वस्तूकडे पाहावे असे आम्हांस वाटते. ती वस्तू म्हणजे खडक आणि खनिजे तपासण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सूक्ष्मदर्शकाची जुनी लाकडी पेटी. यंत्राविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पेटीकडे मात्र ‘पॅकिंग’ म्हणूनच पाहिले जाते, आणि यंत्र निकामी झाले की ती त्याच्याही आधी जळणात किंवा भंगारात जाते.

प्रथम पेटी असते कशी ते पाहू. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला सर्वसाधारण नमुना घेतला तर ती एखाद्या देव्हाऱ्यासारखी उभी असते. उंची फूट-दीड फूट, माथ्यावर पितळेची मूठ, पुढे एकच दार, त्याला पितळी बिजागऱ्या आणि लहानसे कुलूप. चांगल्या पेटीच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसतात. टोकांना पंख्याच्या आकाराचे दाते कापून ते एकमेकांत गुंतवलेले असतात, त्यामुळे सरस सुटला तरी कोपरा सहसा सुटत नाही. तळाशी एक सरकती फळी असते. सूक्ष्मदर्शकाचा पाय तिच्यावर ठेवून खालून स्क्रूने आवळायचा आणि फळीसकट यंत्र आत सरकवायचे. एकोणिसाव्या शतकातल्या काही पेट्या आडव्या असत. त्यांत यंत्राचे भाग सुटे करून मखमल किंवा बनात लावलेल्या खळग्यांत निजवीत. आडव्या पेटीतले यंत्र वापरायचे म्हणजे दर वेळी ते जुळवायचे. उभी पेटी आली तेव्हा सूक्ष्मदर्शक रोजच्या कामाचे हत्यार झाला होता, एवढे त्या रचनेवरूनच समजते.

वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतली पेटी आणि शिलाविज्ञानाच्या प्रयोगशाळेतली पेटी बाहेरून सारख्याच दिसतात. फरक दार उघडल्यावर कळतो. दुसऱ्या पेटीत वस्तुभिंगांच्या पितळी डब्यांशेजारी काही अरुंद खाचा असतात. एका खाचेत जिप्समची पट्टी, दुसरीत अभ्रकाची पट्टी, तिसरीत क्वार्ट्झची पाचर. ही पाचर सुताराच्या पाचरीसारखीच एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला निमुळती होत गेलेली असते, फक्त ती पारदर्शक खनिजाची असते आणि काचेवर बसवलेली असते. सूक्ष्मदर्शकाच्या नळीला एक आडवी फट ठेवलेली असते, तीत या पट्ट्या सरकवून खनिजाचे प्रकाशाशी असलेले वर्तन जोखतात. मुख्य यंत्रात पुन्हा दोन लोलक असतात, तेही कॅल्साइट या खनिजाचे. म्हणजे खनिजांच्या परीक्षेला खनिजेच परीक्षक म्हणून बसवली आहेत. पेटीच्या खाचा त्या परीक्षकांच्या जागा होत. जुन्या पेट्यांत यांतली एखादी जागा बहुधा रिकामी असते, आणि ती पाचरीची असण्याचा संभव अधिक. ती नाजूक असते, आणि तिचा उपयोग वरच्या वर्गापर्यंत कुणाला फारसा पडत नाही.

या कॅल्साइटच्या लोलकांची कथा सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. कॅल्साइटच्या स्वच्छ स्फटिकातून पाहिले की एका रेघेच्या दोन रेघा दिसतात, हे एरास्मुस बार्थोलिन या डेन्मार्कच्या विद्वानाने १६६९ साली लिहून ठेवले. १८२८ साली एडिंबरोच्या विल्यम निकोलने असा स्फटिक तिरपा कापून, कॅनडा बाल्समने पुन्हा चिकटवून, त्या दोन किरणांपैकी एक बाजूला घालवण्याची युक्ती काढली. उरलेला किरण एकाच दिशेत कंप पावणारा, म्हणजे ध्रुवित. हाच निकोल लोलक. त्यासाठी लागणारा निर्दोष स्फटिक प्रामुख्याने आइसलंडच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या हेल्गुस्तादिर येथील खाणीतून येई, म्हणून त्याचे नावच ‘आइसलंड स्पार’ पडले. ही खाण आहे बेसाल्टच्या प्रदेशात. लाव्हा थिजल्यानंतर त्यात राहिलेल्या पोकळ्यांत कॅल्साइटचे स्फटिक वाढतात, हे तिथे खरे आहे तसेच आपल्या दख्खनच्या बेसाल्टमध्येही खरे आहे. वऱ्हाडातला बेसाल्ट ज्या काळी निकोल लोलकांतून तपासला गेला, त्या काळी एका बेसाल्टच्या पोटातला स्फटिक दुसऱ्या बेसाल्टचे अंतरंग दाखवीत होता. एडविन लँडने १९२९ नंतर पोलरॉइडचा पातळ पडदा व्यवहारात आणला, तेव्हा ही निकड संपत गेली. लोलक निकोलचा की पोलरॉइडचा, एवढे पाहिले तरी यंत्राचा काळ ढोबळ मानाने ठरवता येतो. जाड निकोल सामावून घेणारे यंत्र आणि त्याची पेटी आकाराने थोडी ऐसपैसच असते.

खडक इतका पातळ घासायचा की त्यातून उजेड आरपार जावा, ही कल्पना इंग्लंडमधील शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बीची. १८४९च्या सुमारास त्याने असे छेद करण्यास आरंभ केला आणि १८५८ साली स्फटिकांच्या सूक्ष्मरचनेवरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. डोंगर काय सूक्ष्मदर्शकाने पाहायचे असतात, अशी त्याची थट्टाही झाली. ती थट्टा जर्मनीत कुणी मनावर घेतली नाही. फर्डिनंड त्सिर्केलने सॉर्बीकडून ही रीत उचलली, आणि १८७०च्या दशकात रोझनबुशच्या सूचनेवरून बर्लिनच्या फ्युस या कारखान्याने खास खडकांसाठी सूक्ष्मदर्शक घडवला. पुढे व्हेट्झलारचे लाइट्स आणि लंडनचे स्विफ्ट यांची यंत्रे जगभर गेली. छेदाची जाडी सुमारे ०.०३ मिलिमीटर ठेवायची, हा दंडक आजही तोच आहे. छेद काचपट्टीवर चिकटवण्यासही बराच काळ कॅनडा बाल्समच वापरीत. वरच्या निकोलमधला आणि खालच्या छेदाखालचा चिकटा एकाच जातीच्या झाडाचा, हाही एक योग.

पेट्यांचे लाकूड यंत्राइतकेच लांबून आलेले असे. इंग्रज कारागिरांची पसंती महोगनीला. ती मूळची वेस्ट इंडीज आणि मध्य अमेरिकेतली. रंध्याखाली गुळगुळीत होणारी, ऋतुमानाने फार न वाकणारी, लाखेच्या पॉलिशने तांबूस चमकणारी. अशी पेटी बाहेरच्या देवदारी खोक्यात बसून जहाजाने मुंबईस यायची आणि तिथून आगगाडीने वऱ्हाडात. जी. आय. पी. रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली तीच अकोला, बडनेऱ्यावरून. ज्या गाड्यांनी वऱ्हाडचा कापूस मुंबईला नेला त्यांच्याच परतीच्या फेऱ्यांनी शाळा-महाविद्यालयांचे साहित्य इकडे आणले. मेळघाटासारख्या सागवानाच्या माहेरी महोगनीने यावे, यात थोडी विसंगती आहे खरी. पुढे हिंदुस्थानात, विशेषतः अंबाल्याकडे, शाळा-महाविद्यालयांसाठी सूक्ष्मदर्शक तयार होऊ लागले. त्यांच्या पेट्यांत देशी लाकूड आले आणि नंतर प्लायवुडही. दाते कापून केलेल्या सांध्यांची जागा खिळ्यांनी घेतली. पेटीची ही उतरंड पाहिली की आयात बंद होणे, युद्धे, परकीय चलनाची टंचाई, आणि विद्यार्थ्यांची वाढती संख्या असा पुष्कळसा इतिहास, कागद न उघडता, नजरेस पडतो.

वऱ्हाडची हवा मात्र पेटीची परीक्षा पाहणारी. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, लाकूड आकसते, फळीला चीर पडते. आषाढात तेच लाकूड फुगते आणि दार चौकटीत अडकते. बंद पेटीत पावसाळी दमट हवा कोंडली गेली तर भिंगांवर बुरशीचे जाळे पसरते. म्हणजे धुळीपासून राखणारी पेटी ओलीला घरात कोंडून ठेवते. जुन्या प्रयोगशाळा-परिचरांना हे पुस्तकावाचून ठाऊक असे, आणि पावसाळ्यात ऊन पडले की ते पेट्यांची दारे उघडी ठेवीत. ओकच्या लाकडातून सुटणाऱ्या अॅसिटिक आम्लाची बाष्पे शिशासारख्या धातूला खातात, हे संग्रहालयांतल्या जतनतज्ज्ञांनी दाखवले आहे. महोगनी आणि सागवान त्या मानाने सौम्य. तेव्हा लाकडाची निवड ही निव्वळ शोभेची बाब नव्हती.

आता ज्या दगडासाठी हा सारा खटाटोप, त्याच्याकडे वळू. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांच्या मधोमध पूर्णेचे खोरे आहे, गाळाने भरलेले. त्यातला बराच भाग खारपाण पट्ट्याचा. उत्तरेस गाविलगडाचे डोंगर, दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगा, आणि दोहोंकडे दख्खनचा बेसाल्ट. तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतला गेला. पातूरची लेणी याच पाषाणात कोरलेली. विहीर खणणारा माणूस या दगडाचे भेद उत्तम जाणतो. वर मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पत्थर, मध्येच गेरूसारखी तांबडी पट्टी, कुठे गारगोट्या. कोशकारांनी बेसाल्टला ‘असिताश्म’ हा शब्द दिला. तो आम्हांस आवडतो, जरी कोणत्याही विहिरीच्या काठावर तो आजवर उच्चारला गेला नसावा. तथापि विहीर खणणाऱ्याचे ज्ञान जिथे थांबते तिथे कोशकाराचा शब्दही थांबतो. काळा पत्थर हातात घेऊन कितीही निरखला तरी काळाच दिसतो. त्याचे कण इतके बारीक असतात की साध्या भिंगाचेही त्यापुढे चालत नाही.

छेद करून तो दोन निकोलांमध्ये ठेवला की चित्र पालटते. खालचा ध्रुवक आणि वरचा विश्लेषक एकमेकांशी काटकोनात असले की रिकामे क्षेत्र पूर्ण अंधारे असते. मध्ये स्फटिक आला की प्रकाशाची दिशा वळते आणि अंधारात तो स्फटिक उजळतो. प्लॅजिओक्लेज फेल्स्पारच्या लांबट कांड्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांनी दिसतात, पायरोक्सीन पिवळ्या-जांभळ्या रंगांनी चमकतो. काचेला मात्र अंतर्गत दिशाच नसते, म्हणून काच अंधारीच राहते. मंच फिरवला तरी अंधारीच. ही शेवटची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

वऱ्हाडचा दगड प्रथम वाचला गेला तो वऱ्हाडाबाहेर. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण १८५१ साली कलकत्त्यात स्थापन झाले. त्याच्या ए. बी. विनने १८६९ साली पूर्णेच्या खोऱ्यावर टिपण लिहिले. ते पायी आणि घोड्यावरून केलेल्या पाहणीचे होते, सूक्ष्मदर्शकाचे नव्हते. पुढे छेदांचे युग आले तेव्हा दगड पोत्यांतून कलकत्त्यास जाऊ लागले. वॉशिंग्टन नावाच्याच अमेरिकन शिलारसायनज्ञाने १९२२ साली दख्खनच्या बेसाल्टांची रासायनिक पृथक्करणे प्रसिद्ध केली. १९२५ साली सर लुइस फर्मर यांनी वऱ्हाडच्या वेशीवरच्या भुसावळ येथे कोळशाच्या आशेने घेतलेल्या छिद्रातला खडक तपासून छापला. कोळसा मिळाला नाही, पण १२१७ फुटांच्या त्या छिद्रात लाव्हाचे २९ थर मोजता आले. बाहेरून एकसारखा वाटणारा काळा पत्थर आतून असा पोथीच्या पानांसारखा निघाला. परंतु हे वाचन झाले कलकत्त्यात. वऱ्हाडात परत आले ते छापील अहवाल.

म्हणून महाविद्यालयातल्या पेटीचे महत्त्व आम्ही मानतो. अमरावतीत १९२३ साली किंग एडवर्ड कॉलेज निघाले. तेच पुढे विदर्भ महाविद्यालय झाले, आणि आज ती शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था आहे. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले. त्याला पुढे संत गाडगे बाबांचे नाव मिळाले, आणि तिथेही भूशास्त्राचा पदव्युत्तर विभाग आहे. जिथे भूशास्त्र शिकवले जाते तिथे ध्रुवण सूक्ष्मदर्शक हवाच, आणि जुना सूक्ष्मदर्शक आला म्हणजे पेटीही आली. माथ्यावरच्या मुठीवरून ती उचलून नेण्यासाठी केलेली दिसते, पण महाविद्यालयात आल्यावर ती स्थिरावते. तिच्या अंगावर पांढऱ्या रंगाने क्रमांक घातला जातो, ती कपाटात बसते, आणि दरवर्षी नवे विद्यार्थी तिचे दार उघडतात. दगड बाहेर पाठवून उत्तर मागवण्याऐवजी तो इथेच घासून इथेच पाहायची सोय झाली, याचा हा लाकडी पुरावा.

या सोयीचे मोल काय, हे लोणारइतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही. लोणार बुलढाणा जिल्ह्यात, अकोल्याच्या नैर्ऋत्येस, जुन्या वऱ्हाडातच. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे जवळजवळ वर्तुळाकार विवर आणि तळाशी खारे पाणी. साहित्याच्या वाचकाला हे गाव ‘लीळाचरित्रा’मुळे माहीत असते. चक्रधरस्वामींचे तिथले वास्तव्य त्यात आले आहे. स्थानिक कथा लवणासुराची: विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याला त्याच्या भुयारी घरात मारले, आणि दैत्यसूदनाचे देऊळ गावात आजही उभे आहे. अबुल फजलने ‘आइन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना या तळ्याची आणि तिथे मिळणाऱ्या, काच व साबणाच्या कामी येणाऱ्या क्षारांची नोंद केली. सी. जे. ई. अलेक्झांडर हा इंग्रज अधिकारी १८२३ साली तिथे गेला. १८४० साली माल्कमसनचा लेख छापला गेला. मेडलिकॉट आणि ब्लॅनफर्ड यांच्या १८७९च्या भूवैज्ञानिक ग्रंथातही लोणार आले.

या सर्वांना लोणार ज्वालामुखीचे वाटले, आणि त्यात नवल नाही. सभोवार सगळीकडे लाव्हाच असल्यावर खड्ड्याचे कारण दुसरे कोणते सुचणार? अडचण एकच होती. दख्खनचा लाव्हा थंड होऊन कोट्यवधी वर्षे लोटली होती, आणि विवर तर अगदी कालपरवाचे असावे इतके धडधाकट. त्यातून नवा लाव्हाही आलेला नव्हता. मग वाफेचा स्फोट, जमीन खचणे असे तर्क झाले. १८९६ साली ग्रोव्ह कार्ल गिल्बर्टने अॅरिझोनातल्या विवराशी लोणारची तुलना केली. साम्य त्याने बरोबर ओळखले, पण दोहोंचे कारण वाफेचा स्फोट असे मानले. अॅरिझोनाचे विवर उल्कापाताचे, हे पुढे सिद्ध झाले. साम्य खरे आणि निष्कर्ष चुकीचा, असे समीक्षेतही घडते. १९१२ साली ला टूश आणि क्रिस्टी यांनी लोणारवर सविस्तर निबंध लिहिला, तरी प्रश्न मिटला नाही.

तो मिटला १९७३ साली. विवराच्या तळाशी छिद्रे घेऊन काढलेला खडक आणि कडेवर खणलेल्या चरांतले दगड फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम या चौघांनी तपासले आणि ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष छापला. यांतले दोघे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे. त्यांना आढळलेल्या पुराव्यांत एक होता मॅस्केलिनाइट. प्लॅजिओक्लेजच्या कांड्या आकाराने जशाच्या तशा, कडा शाबूत, शेजाऱ्यांशी असलेले संबंध शाबूत. साध्या उजेडात पाहिले तर नेहमीचा बेसाल्ट. दोन निकोल काटकोनात आणले की ज्या कांड्या पट्ट्यापट्ट्यांनी उजळायच्या त्या पूर्ण अंधाऱ्या. मंच फिरवा, तरी अंधाऱ्या. म्हणजे स्फटिकाचे शरीर राहिले आहे आणि आतली रचना मोडून काच झाली आहे, तीही वितळण्याआधीच. असे घडायला वातावरणाच्या दाबाच्या लाखो पट दाब क्षणमात्र यावा लागतो. ज्वालामुखीच्या अंगी तेवढे बळ नाही. ते बळ आकाशातून वेगाने येऊन आदळणाऱ्या पाषाणाचे.

या पदार्थाचे नावही वाचनीय आहे. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारात गयेजवळच्या शेरघाटीस एक उल्कापाषाण पडला. १८७२ साली व्हिएन्नाच्या गुस्टाव्ह चेर्माकने त्याच्या छेदात ही अंधारी कांडी ओळखली आणि ब्रिटिश म्युझियमच्या खनिजसंग्रहाचे प्रमुख नेव्हिल स्टोरी-मॅस्केलिन यांचे नाव तिला दिले. शेरघाटीचा तो पाषाण मंगळावरून आला, असे आज मानले जाते. बिहारात पडलेला, व्हिएन्नात वाचलेला आणि लंडनच्या गृहस्थाच्या नावाचा हा शब्द, शंभर वर्षांनी लोणारच्या कोड्याचे उत्तर ठरला. १९७३च्या त्या लेखात लोणारच्या काचगोळ्यांची तुलना अपोलो यानांनी आणलेल्या चंद्रावरच्या नमुन्यांशी केली होती. बेसाल्टमध्ये झालेले आघातविवर म्हणून तोवर पृथ्वीवर हे एकच माहीत होते. वयाबद्दल वाद राहिला. १९९७ साली ऊष्मादीप्तीच्या पद्धतीने सुमारे ५२,००० वर्षे असा आकडा आला, आणि २०११ साली अरगॉन पद्धतीने सुमारे ५,७०,००० वर्षे. जून २०२० मध्ये तळ्याचे पाणी गुलाबी झाले तेव्हा वर्तमानपत्रांनी लोणार पुन्हा शोधून काढले. त्याच वर्षी ते रामसर स्थळांच्या यादीतही गेले.

१९७३चे हे काम वऱ्हाडातल्या पेटीतून काढलेल्या यंत्रावर झालेले नाही, हे उघड आहे. पण त्याचा जो गाभ्याचा पुरावा, कांड्यांचा अंधार, तो पाहायला महागडी यंत्रणा लागत नाही. दोन निकोल आणि फिरणारा मंच पुरे, म्हणजे शतकभर जुन्या लाकडी पेटीत जे असते तेवढेच. अमरावतीचा विद्यार्थी लोणारच्या धक्का बसलेल्या दगडाचा छेद आपल्या विभागातल्या जुन्या यंत्राखाली ठेवून, मोठमोठ्या नावांवर विसंबून न राहता, स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करून घेऊ शकतो. पाठभेद स्वतः पोथी उघडून पाहणे आणि संपादकाच्या तळटिपेवर विश्वास ठेवणे यांत जो फरक आहे, तोच हा.

अशी पेटी आज कुठे असते? महाविद्यालयाच्या जडसंग्रह नोंदवहीत ती बहुधा यंत्राच्या पोटातच नोंदलेली असते: सूक्ष्मदर्शक, नग १, पेटीसह. ‘पेटीसह’ या एका शब्दापलीकडे तिला स्वतंत्र अस्तित्व नाही. निर्लेखनाची यादी निघते तेव्हा यंत्र भंगारात जाते, आणि पेटी रिकामी म्हणून खडू, किल्ल्या, तुटके परीक्षापात्र यांची होते. कधी उलट होते: यंत्र शोभेच्या कपाटात काचेआड ठेवले जाते आणि पेटी जागा अडवते म्हणून टाकली जाते. दोन्ही प्रकारांत जे हरवते ते कागदी. दाराच्या आतल्या बाजूस डकवलेला विवर्धनांचा तक्ता, आयात करणाऱ्या दुकानाची चिठ्ठी, यंत्राचा क्रमांक आणि वस्तुभिंगांची यादी असलेले कारखान्याचे कार्ड, एखाद्या शिक्षकाने पेन्सिलीने लिहिलेला ‘पाचर दुरुस्तीस पाठवली’ असा शेरा. यंत्रावर कारखान्याचे नाव कोरलेले असते. ते कोणत्या वाटेने, कुणाच्या हातांतून इथवर आले, हे पेटीवरच असते.

बाजाराला याची किंमत कळली आहे, पण भलत्याच रीतीने. जुना पितळी सूक्ष्मदर्शक पेटीसह असला तर भाव वाढतो, म्हणून एकाच्या पेटीत दुसऱ्याचे यंत्र बसवणारे व्यापारी आहेत. खाचांचे माप जुळत नाही, तळफळीला नवी भोके दिसतात, तेवढ्यावरून हे लग्न ओळखता येते. त्याहून पुढची पायरी म्हणजे रुरकी-मुरादाबादकडून येणारी शोभेची नवी पितळी यंत्रे. त्यांवर लंडनचे नाव कोरलेले आणि सोबत लाखी पॉलिशची पेटी. दिवाणखान्यात ती छान दिसतात. त्यांत निकोल नसतो आणि पाचरीची खाचही नसते.

ज्यांच्या विभागात अशी पेटी अद्याप आहे त्यांना करता येण्याजोगे काम थोडेच आहे. नोंदवहीत पेटीची वेगळी ओळ घालावी आणि तीत लाकूड, सांधे, खाचांची संख्या, रिकाम्या खाचा, चिठ्ठ्यांवरचा मजकूर लिहावा. दाराच्या आतला कागद ओल्या फडक्याने पुसू नये, त्याचे छायाचित्र घ्यावे. नवे पॉलिश करू नये. जुन्या पॉलिशवरचा पांढरा क्रमांक हा महाविद्यालयाच्या इतिहासाचा भाग आहे. पावसाळ्यात आत सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि उघडीप झाली की दार अर्धा दिवस उघडे ठेवावे. किल्ली सुतळीने मुठीला बांधावी. आणि यंत्र दुसऱ्या विभागात गेले तर पेटी त्याच्याबरोबर जाऊ द्यावी, तळफळीवरच्या स्क्रूसकट, कारण तो स्क्रू दुसऱ्या कोणत्याही सूक्ष्मदर्शकाच्या पायाला बहुधा बसत नाही.